माळ्यावरचा रुमाल आणि आपला दावा

सीमाप्रश्नाच्या वादात एक आक्षेप आपणां मराठी भाषकांपुढे पुन्हा पुन्हा ठेवला जातो. बेळगाव आणि आसपासच्या मुलखातली जुनी कागदपत्रे मराठीत आहेत, कारण तेथे पेशव्यांचा आणि पुढे पटवर्धनादी संस्थानिकांचा अंमल होता. कारकुनांनी राज्यकर्त्यांच्या भाषेत दफ्तर लिहिले, एवढ्यावरून रयतेची भाषा मराठी ठरत नाही, असा तो आक्षेप. त्यावर आपली बाजू बहुधा संतापते आणि आणखी एक सनद पुढे करते.

आमचे मत असे की, हा आक्षेप निम्मा खरा आहे आणि तेवढा तो मान्य करण्यातच शहाणपण आहे. दफ्तराची भाषा ही सत्तेची भाषा असते. जमखंडी आणि रामदुर्ग येथे संस्थानिक मराठी होते आणि प्रजा मुख्यतः कन्नड बोलत होती, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र उरलेल्या निम्म्या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते कोणत्याही सरकारी दफ्तरखान्यात सापडणार नाही. ते आपल्या घरांच्या माळ्यांवर पडले आहे.

माणसे कोणाच्याही हुकुमावाचून, आपल्या घरात, दिवेलागणीनंतर काय वाचीत होती, हा भाषेच्या वास्तव्याचा खरा पुरावा होय. महसुलाचा कागद सक्तीने लिहिला जातो. चातुर्मासात घरी पोथी लावा, असे कोणताही मामलेदार सांगत नसतो. श्रीधराचा 'हरिविजय' १७०२ सालचा आणि 'पांडवप्रताप' १७१२ सालचा. हे ग्रंथ गावोगाव पसरले ते छापखान्याच्या किंवा शाळाखात्याच्या बळावर नव्हे. कोणी तरी मूळ प्रत मागून आणली, कोणी ती नकलून घेतली, एकाने वाचली आणि दहांनी ऐकली. जुन्या पत्रांत पोथी मागितल्याचे, पाठविल्याचे, परत न आल्याबद्दल कुरकुरल्याचे उल्लेख येतात ते याच व्यवहाराचे. घरच्या जमाखर्चाच्या वहीत पोथीच्या समाप्तीचा नारळ आणि दक्षिणा लिहिलेली असते. हस्तलिखिताच्या शेवटी नकल करणारा आपले नाव, गाव आणि शक घालतो. या नोंदी वाद जिंकण्यासाठी केलेल्या नाहीत, म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची.

येथे भाषेचा एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. एकट्याने, मुकाट्याने पुस्तक वाचणारा 'वाचक' हा आपल्याकडे बराच अलीकडचा. त्याआधी पोथी 'लावली' जाई, तिचे 'श्रवण' होई, आलेले पत्र 'वाचून दाखविले' जाई. म्हणून साक्षरांची संख्या मोजून एखाद्या गावात मराठी किती वाचली जात होती हे ठरविणारा अभ्यासक आरंभीच चुकतो. एक वाचणारा आणि ओसरीभर ऐकणारे, हे त्या काळचे माप होते.

सरकारी नोंदीत न दिसणारे वाचन आठवणींच्या पुस्तकांतून कसे उघडे होते, याचे उत्तम उदाहरण रमाबाई रानडे यांचे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. सुनेने वाचायला शिकावे यावरून घरातल्या बायकांनी केलेला विरोध आणि पुढे दृष्टी अधू असलेल्या पतीला वाचून दाखविण्याचे त्यांच्याकडे आलेले काम, हे सारे त्यात आहे. कोणत्या खानेसुमारीने हे टिपले असते? पुण्यातील एका नामांकित घराची ही गोष्ट लिहिली गेली म्हणून उरली. सीमाभागातील किती घरांत असेच घडले असेल, ते त्या त्या घरची पत्रेच सांगू शकतील.

बेळगावपुरते बोलायचे तर उदाहरण दूर शोधायला नको. 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले आणि तेथल्या मिशनच्या शाळेत शिकले. 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्रातील धर्मांतराशी आम्हांला येथे कर्तव्य नाही. तथापि एका तरुणाचे मन वाचनाने कसे घडले, याची ती हकीकत आहे, आणि तो तरुण कोणा संस्थानिकाच्या वाड्यातला नव्हता. बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तेथून घरी नेलेली पुस्तके कोणी वाचली, कोणाला वाचून दाखविली, हे आपण कधी शोधले?

आता आमचा राग कोणावर आहे ते स्पष्ट सांगतो. तो आपल्यावरच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञासाठी ग्वाल्हेरकडे निघाले आणि झाशीच्या संहारात सापडले. तेथल्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाची हकीकत त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवली आहे. ती वाचताना आपला संताप अनावर होतो. झाशीची पुस्तके परक्या फौजेने नासविली. आपली आपण किलोच्या भावाने विकतो. सीमाभागातल्याच एका घरी मोडी कागदांचा रुमाल आहे असे कळल्यावर आम्ही तेथे गेलो. घरधन्यांनी आदराने चहा दिला आणि सांगितले, "वाचता कोणाला येत होतं? दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिला." त्या रुमालात काय होते हे आता कोणालाही कळणार नाही. त्यांना दोष तरी कसा द्यावा? विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांचे हस्ताक्षर नातवंडांना परके झाले. आपण मोर्चे काढले, ठराव केले. मोडीचा वर्ग मात्र फार थोड्या ठिकाणी काढला.

दुसरी गोष्ट कित्येकांना रुचणार नाही. या रुमालांत कन्नडही निघेल. एकाच घरात पोथी मराठी आणि बाजारचा हिशेब कन्नड असेल. एक भाऊ एका भाषेत तर दुसरा दुसऱ्या भाषेत पत्र लिहीत असेल. ती पाने बाजूला काढण्याचा मोह ज्याला होईल, त्याने या कामाला हात लावू नये. निवडून मांडलेला पुरावा एका उलटतपासणीत कोसळतो. उलट, दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने पोथीसाठी मराठी निवडली, ही गोष्ट आमच्या दाव्याला शंभर सनदांपेक्षा अधिक बळ देते. आणि जेथे त्याने कन्नड निवडली, तेथे तेही आपण प्रांजळपणे लिहिले पाहिजे.

म्हणून आमची मागणी सरकारकडे नाही, वाचकांकडे आहे. माळ्यावरचा रुमाल खाली काढा. कागदांचा क्रम न बिघडविता प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. मोडी जाणणारा कोणी वडीलधारा हयात असेल तर त्याच्याशेजारी बसा, आणि दर कागदामागे चार गोष्टी टिपा : कोणी वाचले, काय वाचले, कोणाला वाचून दाखविले, कोणत्या गावी. इंदूर, बडोदे, हैदराबाद, गोवा येथील घरांनाही हेच लागू आहे, कारण "तुम्ही येथले नव्हेच" हे वाक्य तेथेही केव्हा ना केव्हा ऐकावे लागते.

जुन्या पत्राच्या अखेरीस 'लेखनसीमा' हा शब्द येई. येथे लिहिणे संपले, एवढाच त्याचा अर्थ. लिहिणाऱ्यांनी आपले काम तेथवर पुरे केले होते. वाचण्याचे काम आपल्याकडे राहिले आहे, आणि दिवाळीची साफसफाई दरवर्षी येते.