राखाडी म्हणा की हो!

पुण्यात माणसाला मत नसणं हा गुन्हा आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवरही चारचौघांचं मत घ्यावं लागतं, हे गेल्या पौषी अमावस्येला कळलं.

आमच्या एका स्नेह्यांनी अठरा इंची दुर्बीण केली आहे. म्हणजे आरसा अठरा इंच. नळी माणसाहून उंच, आणि डोळा लावायचा तर शिडी चढायची. ती टेम्पोत घालून आम्ही वेल्ह्याच्या बाजूला गेलो. थंडी अशी, की माकडटोप्यांतून फक्त मतं बाहेर पडत होती. स्नेह्यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर दुर्बीण रोखली आणि शिडीवरूनच जाहीर केलं, "अहाहा! काय गुलाबी!" मग ओळीनं सगळ्यांना गुलाबी दिसलं. एका वहिनींना तर जांभळे काठही दिसले. जणू पैठणीच पाहत होत्या. शेवटी माझा नऊ वर्षांचा पुतण्या चढला. बराच वेळ बघून म्हणाला, "काका, राखाडी दिसतंय. मधे थोडं हिरवं."

"नीट बघ रे. गुलाबी आहे," स्नेही म्हणाले.

पोरानं पुन्हा डोळा लावला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हो. गुलाबी."

माझं भांडण आहे ते या 'हो'शी.

कारण पोरगं बरोबर होतं. अंधारात आपण ज्या दंडपेशींनी पाहतो त्यांना रंग कळत नाही. ज्यांना कळतो त्या शंकुपेशींना उजेड लागतो. दुर्बीण कितीही मोठी आणा, पसरलेला मेघ नुसत्या डोळ्यांना असतो त्याहून उजळ होत नाही, फक्त मोठा होतो. मोठा झाला म्हणून त्याचा तपशील सापडतो, आणि मधल्या उजळ भागात थोडा रंगही. तो हिरवट, कारण तिथला ऑक्सिजन ५०१ नॅनोमीटरला हिरवा प्रकाश देतो. हायड्रोजनचा तांबडा ६५६ ला. तिथे अंधाराला सरावलेला डोळा जवळजवळ आंधळाच. मोठ्या आरशातून काही मुरलेल्या मंडळींना कडेला तांबूस झाक दिसते; त्यांनी ती जरूर सांगावी. पण कॅलेंडरावरची गुलाबी लाट ही कॅमेऱ्यानं उजेड साठवून साठवून जमवलेली पुंजी. जेम्स वेबची चित्रं तर अवरक्त प्रकाशातली. त्यातले रंग माणसांनी नेमून दिलेले.

आणि या हिरव्या रंगाला पुण्यात खानदान आहे बरं का! भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी कॉलेजात, एक वेधशाळा उभी राहिली होती. तिथे कावसजी नेगमवाला यांनी याच मेघाचा वर्णपट तपासला. विलायतेत नॉर्मन लॉकियर यांचा सिद्धांत गाजत होता. तो खरा असता, तर त्यातली मुख्य हिरवी रेषा एका अंगाला पुसट दिसायला हवी होती. नेगमवालांना ती रेखीव दिसली. लॉकियर म्हणजे 'नेचर'चे संपादक, केवढं वजन! पण पुण्याच्या माणसानं १८९१ साली छापून टाकलं, रेखीव आहे. ती रेषा ऑक्सिजनची, हे कळायला पुढे १९२७ साल उजाडलं. पण जे दिसलं ते सांगायला कारण कळण्याची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पोरांना आधी दुर्बीण दाखवा, फोटो नंतर. आणि "गुलाबी आहे ना?" असं विचारू नका. "काय दिसतंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. दुसरा भाग पुणेकरांना जड जाईल, कल्पना आहे.

परतताना टेम्पोत पुतण्याला म्हटलं, "अरे, तुझं बरोबर होतं. मग 'हो' का म्हणालास?"

तो म्हणाला, "काका, माझ्या आधी तुम्ही चढला होतात. तुम्हीच म्हणालात ना, गुलाबी?"