रोप लावले म्हणजे धुराचे ऋण फिटले काय?

दरवर्षी ५ जून या जागतिक पर्यावरणदिनाच्या सुमारास आपल्या अनेक धर्मग्रामांत वृक्षारोपण होते. चर्चच्या आवारात, शाळेच्या मैदानालगत, दफनभूमीच्या कडेला रोपे लावली जातात. हा उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु त्यानिमित्ताने भाविकांच्या मनात काही प्रश्नही उभे राहतात. एवढ्याने हवामानबदल थांबेल काय? विकासासाठी झाडे तोडली आणि दुसरीकडे लावली, तर बिघडले कोठे? या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी ख्रिस्तसभेच्याच अलीकडच्या इतिहासातील दोन घटना आठवणे उपयुक्त ठरेल.

जुलै २००७ मध्ये एका खासगी कंपनीने व्हॅटिकनला एक आगळी भेट देऊ केली. हंगेरीमध्ये नवे जंगल उभारायचे आणि ती झाडे वाढताना जेवढा कार्बन शोषतील, तेवढा व्हॅटिकनच्या त्या वर्षाच्या उत्सर्जनातून वजा धरायचा, अशी ही योजना होती. कार्डिनल पॉल पुपार यांनी ही भेट स्वीकारली. कार्बनचा हिशेब शून्यावर आणणारे व्हॅटिकन हे जगातील पहिले राष्ट्र ठरणार, अशा बातम्या सर्वत्र झळकल्या. २०१० मध्ये पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा ती झाडे लावलीच गेली नसल्याचे उघड झाले.

दुसरी घटना नोव्हेंबर २००८ ची. पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौर पट्ट्या बसवण्यात आल्या. वर्षाला सुमारे ३ लाख युनिट वीज देण्याची त्यांची क्षमता होती. पहिल्या घटनेत प्रमाणपत्र मिळाले, दुसऱ्या घटनेत वीज मिळाली. या दोन्हींतील अंतर लक्षात घेतले, तर पुढील प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

प्रश्न : झाडे कार्बन शोषतात, मग विजेच्या धुराची भरपाई झाडे लावून का होणार नाही?

उत्तर : प्रथम साधा हिशेब करू. आपल्या देशात एक युनिट वीज निर्माण होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एखादे कुटुंब महिन्याला १५० युनिट वीज वापरत असेल, तर वर्षाला सुमारे सव्वा टन वायू त्याच्या खात्यावर जमा होतो. एक वाढते झाड वर्षाला २० किलो वायू शोषते असे धरले, तरी या एका कुटुंबासाठी साठाहून अधिक झाडे लागतील आणि ती जगवावी लागतील. रोपाला त्या अवस्थेपर्यंत पोहोचण्यास अनेक वर्षे लागतात. धूर मात्र आजच हवेत गेलेला असतो.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. कोळशातील कार्बन कोट्यवधी वर्षे भूगर्भात बंदिस्त होता. एकदा जाळल्यावर त्याचा मोठा भाग शतकानुशतके हवेत व समुद्रात फिरत राहतो. झाडातील कार्बन मात्र तात्पुरत्या ठेवीसारखा असतो. वणवा लागला, कीड पडली वा कुऱ्हाड चालली, की ती ठेव पुन्हा हवेत जाते.

प्रश्न : जंगलांना महत्त्वच नाही, असा याचा अर्थ होतो काय?

उत्तर : मुळीच नाही. मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३० टक्के भाग जंगले, इतर वनस्पती व माती शोषून घेतात. २०२४ मध्ये कोळसा, तेल, वायू व सिमेंट यांतून सुमारे ३७ अब्ज टन, तर जंगलतोड व जमिनीच्या बदलत्या वापरातून सुमारे ४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. म्हणजे उभे जंगल राखणे अत्यावश्यक आहे; परंतु इंधनाचा प्रश्न केवळ जंगलाच्या बळावर सुटणारा नाही.

प्रश्न : एक झाड तोडून पाच लावली, तर फायदाच नव्हे काय?

उत्तर : हा प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास परवानगी दिली. आधीचा आकडा ५३ हजारांहून अधिक होता. तो कमी झाला, ही समाधानाची बाब. बदल्यात पाचपट लागवडीचे आश्वासन देण्यात आले. परंतु तिवरांच्या जंगलातील बहुतांश कार्बन झाडात नसून मुळांखालच्या चिखलात शतकांपासून साठलेला असतो. भरतीचे पाणी अडवणे, मासळीच्या पिलांना आसरा देणे ही कामेही ते जंगल त्याच जागी करत असते. नवी लागवड दूरच्या खाडीत झाली, तर मूळ गावाला तिचा उपयोग काय? म्हणून रोपांची संख्या मोजण्याआधी काय गमावले जात आहे, हे विचारले पाहिजे.

प्रश्न : देशातील निम्मी वीज आता स्वच्छ झाली, असे वाचनात येते. ते खरे आहे काय?

उत्तर : अर्धसत्य आहे. २०२५ च्या मध्यास भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांव्यतिरिक्त इतर स्रोतांची झाली. ही मोठी प्रगती आहे. परंतु क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य रात्री तळपत नाही, वारा सदैव वाहत नाही. २०२४ मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कोळशातूनच आली. म्हणून वाचवलेले प्रत्येक युनिट आजही मोलाचे आहे.

प्रश्न : मग धर्मग्रामाने करावे तरी काय?

उत्तर : दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात कार्बनच्या खरेदी-विक्रीविषयी स्पष्ट इशारा दिला होता. अशा सौद्यांमुळे नवी सट्टेबाजी फोफावेल आणि श्रीमंतांचा उपभोग तसाच चालू राहील, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. पुढे जून २०२४ मध्ये त्यांनी रोमजवळील सांता मारिया दी गालेरिया येथे व्हॅटिकनची विजेची गरज भागवणारा सौर प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला. जंगलाच्या प्रमाणपत्रापासून सुरू झालेली वाट अशा रीतीने वीजनिर्मितीच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचली.

आपणही हाच क्रम धरावा. यंदा खड्डे खणण्यापूर्वी चर्च, शाळा व सभागृह यांची वर्षभराची वीजबिले एकत्र वाचावीत. कोठे उधळपट्टी होते ते पाहावे, छपराचा उपयोग होईल काय याची चौकशी करावी. परिसरातील तिवरे, तळी व जुनी झाडे यांवर गदा येणार असेल, तर जनसुनावणीस उपस्थित राहून आपले म्हणणे नोंदवावे. आणि रोपे अवश्य लावावीत. मात्र प्रत्येक रोपाला पुढील तीन उन्हाळे कोण पाणी घालणार, त्याचे नाव त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.