दुसऱ्या कंपनीचा डिफरन्शियल आणि काकांची हेराल्ड

आमच्या घरच्या ग्रुपवर आठ दिवसांपासून भांडण सुरू आहे. कारण भाचा. इंग्लंडात असतो. तिथं त्यानं जुनी ट्रायम्फ स्पिटफायर घेतली, दोन सीटची, उघड्या टपाची. तिचा डिफरन्शियल गेला आणि हा म्हणतो, दुसऱ्या कंपनीचा बसवतो. अर्धं घर म्हणतं, "ओरिजिनलला हात लावू नको."

माझं मत वेगळं आहे, आणि ते मोहगावात तयार झालं.

काकांजवळ स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासला बनलेली, पण मूळची ट्रायम्फच. स्पिटफायरही हेराल्डवरूनच निघाली. सौसरकडून गाडी येताना डिफरन्शियलचा घुंऽऽ आवाज आधी घरात पोचायचा. आई चहा ठेवायची. पुढं क्राउन-पिनियनचे दाते झडले. नागपूरचा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, याचा माल आता येत नाही. दुसरा बसवून देतो." काका म्हणाले, "माझ्या गाडीत दुसऱ्याचं सामान नाही लागणार."

गाडी निंबाखाली उभी राहिली. आधी कोंबड्या बसल्या, मग तळ सडला. भंगारवाल्यानं नेली तेव्हा एकन्एक भाग ओरिजिनल होता! त्या दिवशी काका वावरात गेले, ते जेवायलाही आले नाहीत.

अहो, कंपनीनं तरी काय केलं? १९७२ साली मद्रासच्या त्याच कारखान्यानं गॅझेल काढली, तेव्हा हेराल्डचा मागचा स्विंग अ‍ॅक्सल काढून साधा अखंड अ‍ॅक्सल टाकला. गिऱ्हाइकांचा आणि मिस्त्र्यांचा जुन्यावर भरवसा नव्हता. बनवणारा बदलतो, तर वापरणाऱ्यानं का नाही?

पण बदल हिशोबानं करावा. सुरुवातीच्या स्पिटफायरचा रेशो ४.११, शेवटच्या १५०० चा ३.६३. नुसता एवढा फरक पडला, तरी मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ९० ला असेल. इंजिन निवांत चालेल, पण चढावर दम कमी पडेल. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या डिफरन्शियलला जॉइंटचे बोल्ट जुळत नाहीत, शाफ्टची लांबी जुळत नाही. तिथं जुगाड नको, मोजून नवीन बनवावं.

आपल्याकडं २०२१ च्या केंद्राच्या नियमानं ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. त्यात चेसिस, बॉडी आणि इंजिन बदललेलं चालत नाही. डिफरन्शियलचं नाव तिथं नाही, तरी आधी आरटीओत विचारावं.

म्हणून भाच्याला माझं सांगणं एवढंच: बसव बाप्पा. चेसिस कापू नको. जुना डिफरन्शियल तेल लावून, गुंडाळून ठेव. काय बदललं ते वहीत लिही, पुढच्या मालकाला कळलं पाहिजे. आणि गाडी चालव.

ग्रुपवर ज्यांना पटलं नाही, त्यांनी आमच्या निंबाखालची रिकामी जागा आठवावी.