घर बांधले, चालवणार कोण?

गोरेगावच्या जय भवानी इमारतीला ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे आग लागली. वाहनतळाच्या जागेत रचून ठेवलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला, धूर जिन्याने वर चढला आणि झोपेतली किमान सात माणसे गेली. ही इमारत झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतली होती. दुर्घटनेनंतर मंत्र्यांनी भेट दिली, मदत जाहीर झाली, शहरातल्या अशा इमारतींची अग्निसुरक्षा तपासा, असे आदेश सुटले. तपासणी हवीच होती. पण तपासणीत जे उणे निघेल ते भरून काढायचा खर्च कोणी उचलायचा, हे कोणी ठामपणे सांगितले नाही. धुणीभांडी, रिक्षा, नाक्यावरची मजुरी यांवर चालणाऱ्या घरांनी तो आपसांत वर्गणी काढून उचलावा, असे गृहीत धरले गेले.

राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये ‘माझे घर, माझा अधिकार’ हे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरे, ७० हजार कोटींची गुंतवणूक, २० हजार कोटींचा महाआवास निधी. आकडे मोठे आहेत, गरज त्याहून मोठी आहे आणि या उद्दिष्टाला आमचा पाठिंबाच आहे. मात्र गरिबाचे घर उभे करण्यासाठी सरकारकडे जमीन, जादा चटईक्षेत्र, अनुदान, सवलती असे सगळे असताना, तेच घर पुढची पन्नास वर्षे राहण्याजोगे ठेवण्यासाठी दरवर्षी हमखास मिळेल असा पैसा कुठेही ठेवलेला नाही. बांधकाम सरकारचे आणि देखभाल रहिवाशांची, ही वाटणी गेली तीस वर्षे चालू आहे. ती मोडल्याशिवाय नव्या ३५ लाख घरांचे भवितव्य जुन्या घरांपेक्षा वेगळे होणार नाही.

मानखुर्द-गोवंडीकडच्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींत एकदा सकाळी सहाला जावे. सात मजली इमारत, दोन लिफ्ट. एक कित्येक महिन्यांपासून बंद, दुसरीच्या दाराला दोरी बांधलेली. देखभालीच्या ठेकेदाराचे पैसे थकल्यामुळे तो फिरकत नाही. पंप जळाला की दर खोलीमागे वर्गणी काढायची आणि ती जमेपर्यंत खालच्या टाकीतून हंडे-कळशा भरून वर न्यायच्या. आठची कामे गाठायची असलेली बाई आधी पाचव्या मजल्यापर्यंत पाणी चढवते आणि मग घराबाहेर पडते. गुडघ्यांनी जेरीला आलेली सासू वर्षानुवर्षे खाली उतरलेली नसते. सोसायटीचा सेक्रेटरी स्वतः रिक्षा चालवतो. त्याच्या वहीत खोली क्रमांकांपुढे थकबाकीचे आकडे वाढत जातात, आणि ज्याच्या घरी आजारपण आहे त्याच्या दारात मेंटेनन्स मागायला जाण्याची त्याला लाज वाटते. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर, त्यामुळे खालच्या मजल्यांवर भर दुपारीही पॅसेजचे दिवे लावावे लागतात. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत ऊन-वारा न पोहोचणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी काय संबंध आहे, हे ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासाने दाखवून दिले. आरोग्याची किंमत तर आहेच, पण नकाशावरच चुकलेली इमारत दरमहा विजेचे बिलही जास्त मागते. शिवाय पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सगळे एका सामायिक मीटरवर असल्याने ते निवासी दराच्या सर्वात महाग टप्प्यात जातात. एका खोलीत पंखा आणि दोन दिवे जाळणाऱ्या कुटुंबाला त्याच्या घरातल्या युनिटपेक्षा जिन्यातले युनिट महाग पडते.

या सगळ्याची सोय करून ठेवली आहे, असे अधिकारी सांगतात. झोपु योजनेत विकासकाने घरटी ठरावीक रक्कम प्राधिकरणाकडे भरायची आणि तिच्या व्याजातून इमारत चालवायची, असा नियम आहे. बरीच वर्षे ही रक्कम २० हजार रुपये होती, पुढे ४० हजार झाली. हिशेब मांडून पाहू. शंभर खोल्यांची इमारत, घरटी २० हजार, म्हणजे २० लाख रुपये. सहा टक्के व्याज धरले तर वर्षाला एक लाख २० हजार, महिन्याला दहा हजार. इतक्यात एका रखवालदाराचा किमान वेतनाचा पगारही निघत नाही. लिफ्ट, पंप, टाकीची सफाई, सांडपाण्याची वाहिनी, गच्चीची गळती हे सारे त्यानंतरचे. घरटी ४० हजार धरले तरी महिन्याला वीस हजार होतात. पुन्हा, मुद्दल आहे तेवढेच राहते आणि महागाई वाढत जाते. वीस-पंचवीस वर्षांनी लिफ्टच बदलायची वेळ येते तेव्हा तो खर्च लाखांत जातो आणि निधी वहीतच राहतो.

झोपु योजनेच्या मांडणीतच हे बीज आहे. १९९५ साली ४० लाख लोकांना मोफत घरे देण्याचे आश्वासन देण्यात आले. सरकारच्या तिजोरीतून काही द्यावे लागणार नाही, हे या योजनेचे मोठे आकर्षण होते. विकासक मूळ रहिवाशांना घरे बांधून देईल आणि उरलेल्या जागेवर बाजारभावाने घरे विकून नफा कमावेल. त्यातून अडीच लाखांवर कुटुंबांना पक्के छप्पर मिळाले, ही गोष्ट लहान नाही. पण जमिनीतून निघालेला पैसा एकदाच निघाला आणि तो विकासकाकडे, अधिमूल्याच्या रूपाने शासनाकडे गेला. उंच इमारत चालवण्याचा खर्च मात्र कधी संपतच नाही आणि तो ज्याच्याकडे सर्वात कमी पैसा त्याच्या माथी आला. झोपडीत असताना या माणसाला लिफ्टचे बिल येत नव्हते. सरकारने त्याला सातव्या मजल्यावर नेले, त्याच्या संमतीने नेले हे खरे, पण सातव्या मजल्यावर राहण्याचा खर्च त्याच्या मिळकतीत बसतो का, हे कोणी तपासले नाही.

या राज्याला देखभालीसाठी सरकारी पैसा देणे परके नाही. गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांमध्ये गिरणगावाच्या चार पिढ्या राहिल्या आणि इतकी वर्षे त्यांची मालकी व डागडुजी सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. भाडे नाममात्र होते. ती डागडुजी उत्तम होती असे कोणी म्हणणार नाही. गळक्या छतांच्या तक्रारी पिढीजात होत्या. तरीही तक्रार करायला एक कार्यालय होते आणि नळदुरुस्तीला सरकारी खाते बांधील होते. दुसरा दाखला उपकरप्राप्त इमारतींचा. भाडेनियंत्रणामुळे मालकांनी हात झटकले, जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. उपकराला राज्य सरकार आणि महापालिका यांच्या अंशदानाची जोड मिळाली. मंडळाच्या कारभारावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण खासगी मालकीच्या इमारतीत राहणाऱ्या सामान्य भाडेकरूचे छप्पर टिकवणे हे सार्वजनिक काम आहे, हे तत्त्व तेव्हा या राज्याने मान्य केले होते. सरकारने स्वतः बांधवून घेतलेल्या इमारतींना ते लागू होऊ नये, याचे कारण आम्हाला सापडत नाही.

अमेरिकेने हीच चूक आपल्याआधी केली आणि तिची किंमत मोजली. १९३७ च्या कायद्यानुसार तिथे सार्वजनिक घरांच्या बांधकामाचा बोजा केंद्र सरकारने उचलला, पण चालवण्याचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून निघावा असे ठरले. सुरुवातीला ते जमले. पुढे खर्च वाढत गेला, भाडेकरू अधिकाधिक गरीब होत गेले आणि गृहनिर्माण मंडळांपुढे दोनच मार्ग उरले, भाडे वाढवायचे किंवा दुरुस्ती थांबवायची. बऱ्याच ठिकाणी दोन्ही झाले. सेंट लुईस शहरातली प्रुइट-आयगो ही ३३ इमारतींची, अकरा मजली वसाहत पन्नाशीच्या दशकात बांधली गेली, तेव्हा तिचे कौतुक झाले होते. पुढे लिफ्ट बंद पडल्या, हिवाळ्यात नळ फुटले, खोल्या रिकाम्या झाल्या. १९६९ मध्ये रहिवाशांनी भाडे भरायचे नाकारले आणि १९७२ पासून सुरुंग लावून इमारती पाडायला सुरुवात झाली. अनेकांनी वास्तुरचनेला दोष दिला, काहींनी गरिबांना दिला. इमारत चालवायला पैसाच नव्हता, हे कारण मात्र बराच काळ चर्चेत मागे राहिले. त्याच १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा आली आणि भाडे व प्रत्यक्ष खर्च यांतली तूट केंद्राने भरायची पद्धत रुळू लागली. ही मर्यादा १९८१ मध्ये ३० टक्के झाली. तिथे आजही दरवर्षी या चालवणूक निधीवरून संसदेत ओढाताण होते, गरजेपेक्षा कमी पैसा मिळतो आणि दुरुस्त्या मागे पडतात. पण किती कमी पडले हे तिथे सांगता येते, कारण किती लागणार होते हे सूत्राने ठरलेले असते. आपल्याकडे तूट मोजायची झाली तर तिला मुळात रकानाच नाही.

सिंगापूरने वेगळी वाट धरली. तिथल्या सार्वजनिक वसाहतींची देखभाल टाऊन कौन्सिल करतात. प्रत्येक घराला मासिक शुल्क असते, लहान घरांना ते कमी असते आणि सरकार कौन्सिलांना अनुदान देते, शिवाय रहिवाशांना शुल्कात सूट. लिफ्ट बदलण्यासारख्या मोठ्या कामांसाठी निधी वेगळा बाजूला ठेवावाच लागतो, असा कायदा आहे.

घर फुकट, आता देखभालही फुकट, मग जबाबदारी कसली, असा आक्षेप देखभालीला सरकारी पैसा देण्यावर घेतला जाईल. तो झटकून टाकण्यासारखा नाही. मेंटेनन्स भरण्याची ऐपत असूनही न भरणारे आहेत, खोली भाड्याने देऊन दुसरीकडे राहणारे आहेत, पाचव्या वर्षीच व्यवहार उरकणारे आहेत. म्हणून संपूर्ण खर्च सरकारने उचलावा, असे आम्ही म्हणत नाही. रहिवाशाने आपला वाटा द्यावा, पण तो त्याच्या मिळकतीला धरून असावा. वाटा झेपणारा असला की वसुलीही होते. आज मागणीच आवाक्याबाहेर असल्याने जो भरू शकतो तोही शेजाऱ्याकडे बघून थांबतो. आणि सरकार सवलत देतच नाही असेही नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ आहे. ती सवलत लहान घरातल्या सुखवस्तू माणसालाही मिळते. चौथ्या मजल्यावर पाणी चढवणाऱ्या पंपाला मात्र काही मिळत नाही.

नव्या योजनांमध्ये सरकारला हे थोडेफार उमगल्याच्या खुणा आहेत. धारावीत पुनर्वसित इमारतींची दहा वर्षांची देखभाल विकासक करील आणि सोसायट्यांना उत्पन्नासाठी व्यापारी गाळ्यांची जागा मिळेल, असे सांगण्यात आले आहे. स्वागत आहे. पण पहिल्या दहा वर्षांत नवी इमारत फारसे मागत नाही. तिचा खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. आणि धारावीत अपात्र ठरून बाहेर भाड्याच्या घरात जाणाऱ्यांचे काय, हे अधांतरीच आहे. भाड्याच्या घरांचा आपला अनुभव सांगण्यासारखा नाही. एमएमआरडीएने २००८ मध्ये १६० चौरस फुटांची भाड्याची घरे बांधण्याची मोठी योजना आणली. ती चालवायची कोणी आणि भाडे वसूल करायचे कोणी, याचे उत्तर न मिळाल्याने ती गुंडाळली गेली आणि घरे वेगवेगळ्या कामांसाठी वाटली गेली. त्यांपैकी पनवेलजवळच्या कोन इथल्या २,४१७ घरांची गिरणी कामगारांसाठी २०१६ मध्ये सोडत निघाली. ताबा मिळायला कित्येक वर्षे गेली, दरम्यान घरे खराब झाली आणि ताबा मिळाल्यावर वार्षिक सेवाशुल्काचा आकडा पाहून निवृत्त कामगार हबकले. केंद्राने २०२० मध्ये रिकामी सरकारी घरे भाड्याने देण्याची योजना आणली, तीतही देशभरात मिळून जेमतेम साडेपाच हजार घरे भाड्याने लागली. सरकारला घर बांधता येते, वाटता येते. चालवणे जमलेले नाही, कारण त्यासाठी कायम माणसे आणि कायम पैसा लागतो.

तो पैसा किती लागेल? घरटी महिन्याला ५०० रुपये सरकारने द्यायचे ठरवले तर झोपु योजनेतल्या अडीच लाख घरांसाठी वर्षाला १५० कोटी होतात. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता. संकल्पित ३५ लाख घरे सगळीच्या सगळी धरली तरी वर्षाला २,१०० कोटी लागतील, धोरणात सांगितलेल्या गुंतवणुकीच्या तीन टक्के. त्यातली पुष्कळ घरे बैठी किंवा दोन-तीन मजलीच असतील, त्यांना एवढे लागणारही नाही. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरमध्ये विडी कामगार आणि असंघटित कष्टकऱ्यांसाठी ३० हजार घरांची वसाहत तळमजला अधिक दोन मजले अशी बांधली गेली. लिफ्टचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. जमीन उपलब्ध असलेल्या शहरांनी हे ध्यानात घ्यावे. मुंबईत उंच जाण्यावाचून गत्यंतर नसेल, तर उंचीचा खर्च उंचीला परवानगी देणाऱ्याने वाटून घ्यावा.

महाआवास निधीचा ठरावीक हिस्सा देखभालीसाठी राखून ठेवावा आणि अधिमूल्यातला काही भाग दरवर्षी त्यात यावा. हे पैसे सोसायटीच्या हाती रोख न देता लिफ्टची देखभाल, पाण्याचा पंप आणि अग्निशमन यंत्रणा या तीन कामांसाठी वेगळ्या खात्यात जावेत, त्या खात्याची दरवर्षी तपासणी व्हावी आणि हिशेब इमारतीच्या फलकावर लागावा. सामायिक मीटरसाठी वीज नियामक आयोगाकडून गरिबांच्या इमारतींना स्वतंत्र दर मागून घ्यावा. प्रकल्पग्रस्तांच्या ज्या वसाहतींत सोसायट्याच नीट उभ्या राहिल्या नाहीत, तिथे एमएमआरडीए, म्हाडा आणि झोपु प्राधिकरण यांनी एकमेकांकडे बोट न दाखवता एकाच यंत्रणेकडे जबाबदारी द्यावी. आणि धारावीत पहिल्या इमारतीची किल्ली हातात देण्यापूर्वी अकराव्या वर्षापासून ती इमारत कोणाच्या पैशाने चालणार, हे त्या कुटुंबाला करारात लिहून द्यावे.