खाडीच्या पाहुण्यांना शेव नको

थंडी पडू लागली की कल्याणच्या खाडीवर कुरव येतात, आणि त्यांच्या मागोमाग शेव-गाठ्यांची पाकिटं. कुरव म्हणजे आपण सगळे सीगल म्हणतो ते पक्षी. दुर्गाडीच्या काठावर माणसं मूठमूठ शेव हवेत उधळतात, पांढरा थवा अंगावर झेपावतो आणि मोबाइलमध्ये झकास फोटो येतो. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. आता निवृत्त आहे, पारनाक्याला राहते आणि सकाळचं फिरणं खाडीकाठीच असतं. शेव उधळणारी माणसं प्रेमानेच येतात, हे मी रोज पाहते. तरीही हे थांबायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे येणाऱ्यांपैकी तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी वीण करतात. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरं पडतं, डोळ्यामागे तेवढा काळसर डाग उरतो. मार्चच्या सुमारास परतीचे वेध लागले की डोक्यावर पुन्हा रंग चढतो. काळ्या डोक्याचे कुरवही येतात, त्यांचाही प्रवास असाच लांबचा.

ओहोटीला गाळ उघडा पडला की थोडं थांबून त्यांच्याकडे बघा. एखादा कुरव एका जागी उभा राहून दोन्ही पाय भराभर आपटू लागतो. त्या हादऱ्याने चिखलातले किडे वर येतात आणि चोच टपकन खाली जाते. काही मिळालं नाही की तो दोन पावलं सरकतो आणि पुन्हा आपटायला लागतो. कुठे किती वेळ घालवायचा, किती दमायचं आणि जागा केव्हा सोडायची, याचा सगळा हिशेब त्या एवढ्याशा डोक्यात चाललेला असतो. वर्गात फळ्यावर मला हे कधी इतकं स्पष्ट दाखवता आलं नाही.

भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गाळावर पोट भरणाऱ्या पक्ष्याचा दिवसही तिच्याबरोबर सरकायला हवा. पण हल्ली रविवारी ओहोटी पहाटे असो की दुपारी, माणसांच्या गर्दीच्या वेळेला थवा काठाशी हजर असतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरातल्या संशोधकांनी कुरवांच्या पाठीवर जीपीएस यंत्रं बसवून त्यांचा माग काढला. शाळेच्या मधल्या सुट्टीच्या आणि कचरा केंद्राच्या कामाच्या वेळा त्या पक्ष्यांनी बरोबर हेरल्या होत्या. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षी हुशार आहेतच. त्यांना काय शिकवायचं, हे मात्र आपल्या हातात आहे.

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना आपण असं बिघडवू शकत नाही. त्यांची चोच उलटी पाण्यात बुडते, जिभेने पाणी आत-बाहेर होतं आणि चोचीतल्या बारीक जाळीत सूक्ष्म वनस्पती नि जीव अडकतात. गाठ्या त्यांच्या कामाच्याच नाहीत. कुरवाचं तसं नाही. मासा, कोळंबी, किडा, मेलेलं, फेकलेलं, सगळं त्याला चालतं. याच गुणावर तो जगभर टिकला आणि याच गुणामुळे आपल्या तळलेल्या पिठालाही तो तोंड लावतो. बेसन, मीठ आणि तेल यांनी पोट भरतं, पण हजारो किलोमीटर उडणाऱ्या स्नायूंना माशा-कोळंबीतून मिळणारं पोषण त्यातून मिळत नाही. शिवाय एका जागी एवढी दाटी झाली की रोग पसरायला वेळ लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात बर्ड फ्लू आला, तेव्हा ठाण्यातले बगळेही त्यात सापडले होते.

हे कुरवांपुरतं नाही. आधारवाडीचं डम्पिंग ग्राउंड चालू होतं तेव्हा त्यावर घारी आणि गायबगळ्यांची झुंबड असायची. ते बंद झालं आणि पाखरांनी दुसरी ठिकाणं शोधली. बिबट्यांचंही असंच. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारात ३९ टक्के कुत्री निघाली. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास होता. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रं मोकळं हिंडतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या कल्याण पूर्वेत चिंचपाड्याच्या एका इमारतीत बिबट्या शिरला आणि त्याला भूल देऊन पकडावं लागलं. तो का आला, हे मी सांगू शकत नाही. पण उघडा कचरा कुत्री पोसतो आणि कुत्री बिबट्याला पोसतात, एवढं तरी आपण ध्यानात ठेवायला हवं.

शेव घालू नका म्हटलं की हमखास उत्तर येतं, "बाई, मुक्या जीवाला घास घालणं पुण्याचं आहे." खरंच आहे. माझी आईही जेवणाआधी कावळ्याला घास ठेवायची. पण तो घरच्या ताटातला एक घास होता, शेकडो पक्ष्यांचं रोजचं जेवण नव्हे. दुसरं उत्तर मला जास्त बोचतं. एक गृहस्थ म्हणाले, "खाडीत मासाच उरला नाही, मग खाणार काय बिचारे?" वालधुनी नदी अंबरनाथ, उल्हासनगरची घाण पोटात घेऊन इथे येते. काठावरचे कोळीदादाही जाळ्यात माशांपेक्षा प्लॅस्टिक जास्त येतं म्हणतात. म्हणजे गृहस्थांचं दुखणं खरं, पण उपाय चुकीचा. खाडी मेली म्हणून काठावर फरसाण वाटायचं का? सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय खाडीत सोडू नका, हे महापालिकांना ठणकावून सांगायचं, तिवरं तोडू द्यायची नाहीत, गाळावर भराव पडू द्यायचा नाही. पक्ष्यांना जेवू घालण्याचा खरा मार्ग तोच आहे.

पाकिटं विकून घर चालवणाऱ्यांवर राग धरू नका. त्यांच्याकडून चहा घ्या, शेंगदाणे घ्या आणि स्वतः खा. पालिकेने काठावर मराठीत ठळक पाट्या लावाव्यात. शाळांनी हिवाळ्यात एक तरी सहल ओहोटीची वेळ बघून इथे आणावी. आणि कल्याणकरांनो, या रविवारी पोरांना घेऊन दुर्गाडीला जरूर या, पण पाकीट विकत घेऊ नका.