तारे पाच, तरी खोली दमट

२२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि एसी मध्यमवर्गीय गोमंतकीय घराच्या आणखी जवळ आला. खरेदी करताना ग्राहक पाहतो ती किंमत आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलावरील तारे. हे तारे खोटे नाहीत. मात्र ज्या हवेत ते मोजले जातात ती गोव्याची नव्हे.

लेबलावरील कार्यक्षमतेचा आकडा साऱ्या देशासाठी एकच. बाहेर २४ ते ४३ अंश तापमान आणि वर्षाकाठी १,६०० तास वापर गृहीत धरून तो काढतात. ४३ अंश हा ग्वाल्हेरचा उन्हाळा. पणजीत पारा सहसा तितका चढत नाही. खरा फरक खोलीच्या आत आहे. चाचणीतली आतली हवा २७ अंशांची आणि जेमतेम ४७ टक्के आर्द्रतेची असते. मेअखेरीस गोव्यात अशी कोरडी खोली शोधून सापडणार नाही.

येथे एसीला हवा गार करण्याबरोबरच तिच्यातील बाष्पही काढावे लागते, आणि हे काम हलके नाही. एक लिटर पाणी निथळवण्यासाठी सुमारे ०.६८ युनिटाइतकी उष्णता ओढून घ्यावी लागते (वीज अर्थात त्याहून कमी जळते). आतील कॉइल सलग थंड राहिली तरच ते साधते. म्हणूनच ‘मोठाच घ्या, खोली लवकर गार होईल’ हा दुकानातला सल्ला येथे महागात पडतो. लहान शयनगृहात दीड टनाचे यंत्र बसवले की तापमान झटपट उतरते, कॉम्प्रेसर थांबतो वा मंदावतो, कॉइल कोमट होते आणि तिच्यावरचा ओलावा पुन्हा हवेत मिसळतो. खोली गार, पण अंग चिकट! मग रिमोटवर २४ चे २० होतात आणि वीज खात्याचे बिल वरच्या टप्प्यात जाते.

तापमानाची मर्यादा २० ते २८ अंश ठेवण्याचा प्रस्ताव केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जून २०२५ मध्ये मांडला. त्याने रिमोट बांधला जाईल, दमटपणा नव्हे. स्लॅबखालच्या तापणाऱ्या वरच्या मजल्याचा अपवाद वगळता, लहान खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी, २६ अंश आणि जोडीला पंखा पुरतो. खाऱ्या वाऱ्यासाठी कॉइलवर गंजरोधक लेप हवाच. ताशी किती लिटर बाष्प निघते, हा आकडा काही उत्पादकांच्या तांत्रिक पत्रकांत असतो. किनारपट्टीच्या ग्राहकासाठी तो ताऱ्यांशेजारी, लेबलावरच छापला गेला पाहिजे.