चाल कुठे छापतात?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. सध्या आपल्याकडे जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवण्याची हौस वाढली आहे. घरातल्या पोथ्या, आजोबांच्या वह्या, जत्रेत घेतलेली भजनांची पुस्तकं, सगळ्यांचे फोटो काढून लोक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. चांगली गोष्ट आहे, करूच नये असं मी म्हणत नाही. पण गाण्याचं पुस्तक स्कॅन केलं म्हणजे गाणं वाचलं, हे मात्र मला पटत नाही. वाचतो तो कागद.

हा विषय डोक्यात शिरला तो एका भलत्याच ठिकाणी. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गाण्यांचे सुटे कागद इंटरनेटवर ठेवले आहेत. थोडेथोडके नाहीत, ४२९१. एका बाजूला छापलेला एकेक कागद, वर एखादं चित्र, कडेने नक्षी आणि खाली गाण्याचे शब्द. न्यूयॉर्कच्या चॅथम स्ट्रीटवर डी मार्सन नावाचा एक छापखानदार होता, त्याचे कागद त्यात भरपूर आहेत. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात असे कागद एकेका पेनीला रस्त्यावर विकले जात. लढाई झाली की गाणं, सेनापती पडला की गाणं. आईने मुलाला निरोप दिला, त्याचंही गाणं.

हे बघताना मला एकदम आपली भजनांची पुस्तकं आठवली, आणि त्याला कारण होतं. त्या कागदांवर सुरावट नाही. बऱ्याच गाण्यांच्या डोक्यावर फक्त एक ओळ असते, की हे गाणं अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावं. बस्स! ज्याला ते अमुक गाणं येतं त्याला हे आलं, ज्याला येत नाही त्याच्या हातात नुसती कविता.

आता आपल्याकडचं कुठलंही जुनं भजनाचं पुस्तक उघडा. डोक्यावर काय असतं? "चाल" किंवा "तर्ज", पुढे दुसऱ्याच एका गाण्याचे दोन-चार शब्द आणि तीन टिंबं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनसंग्रहांत पानापानावर हे दिसतं. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांतही प्रत्येक पदावर चाल दिलेली असायची. किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हा प्रेक्षकांना पदं चटकन आपली वाटली, त्यात त्या ओळखीच्या चालींचा वाटा मोठा होता. म्हणजे हजारो मैलांवर, एकमेकांना न विचारता, दोन्हीकडच्या छापखान्यांनी एकच युक्ती काढली. सुरावट छापणं महाग आणि ती वाचणारे थोडे. मग लोकांच्या गळ्यात जे आधीच आहे त्याचाच पत्ता छापायचा.

माझ्या एका संगीत शिकलेल्या नातेवाइकांना हे आवडत नाही (त्यांनी हे वाचलं तर फोन येणार, येऊ दे). त्यांच्या मते उसनी चाल ही चोरी. भजनाला सिनेमाची चाल लावणं म्हणजे तर पाप. मला उलट वाटतं. उसन्या चालीमुळेच गाणं एका संध्याकाळीत गावभर होतं. ज्याला अक्षर वाचता येत नाही तोही दुसऱ्या कडव्याला साथ देऊ लागतो. नवीन चाल बसवायला तालीम लागते, पेटीवाला लागतो, सवड लागते. युद्धात आणि चळवळीत सवड कुणाला असते?

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगते. धर्ममेळाव्यांत म्हटलं जाणारं एक साधं भक्तिगीत होतं. युद्ध सुरू झाल्यावर उत्तरेच्या सैनिकांनी त्या चालीवर जॉन ब्राउनचं गाणं रचलं. गुलामगिरीविरुद्ध उठलेला आणि १८५९ साली फासावर गेलेला हा जॉन ब्राउन. गंमत अशी की ते गाणं मुळात त्याच नावाच्या एका सैनिकाची थट्टा म्हणून सुरू झालं असं सांगतात. पुढे १८६१ च्या नोव्हेंबरात ज्युलिया वॉर्ड हाव या बाईंनी त्याच चालीवर नवे, भारदस्त शब्द लिहिले आणि ते गाणं त्या देशाचं जवळजवळ राष्ट्रगीत झालं. १९१५ मध्ये कामगार चळवळीने परत तीच चाल उचलली. भक्तिगीत, थट्टा, युद्धगीत, संपाचं गाणं. चाल एकच. उलट बाजूही आहे. दक्षिणेच्या फौजांनी जे गाणं आपलं म्हणून डोक्यावर घेतलं ते "डिक्सी" लिहिणारा डॅन एमेट हा उत्तरेतल्या ओहायोचा माणूस. चालीला ना जात ना सीमा.

आता आपल्या वर्धा जिल्ह्याकडे येते. तुकडोजी महाराज जन्मले १९०९ साली यावलीला आणि त्यांचा गुरुकुंज मोझरीला, ही दोन्ही गावं अमरावती जिल्ह्यातली. पण वर्धा नदीने भजन कधी अडवलं नाही. आर्वी, आष्टी, कारंजा हा सगळा भाग खंजिरीचा. १९३६ साली महाराज गांधीजींकडे महिनाभर राहून गेले ते आपल्याच सेवाग्रामला (तेव्हा त्याचं नाव शेगाव होतं). आणि पुढे आलं १९४२.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोकांचा मोर्चा गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्याच दिवशी तिकडे चिमूर पेटलं. ऑगस्ट संपायच्या आत सरकारने महाराजांना चंद्रपुरात पकडलं आणि नागपूर, मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. का? त्यांच्याकडे ना बंदूक होती ना पक्ष. खंजिरी होती. झाडंझुडपं शस्त्रं होतील, दगडांचे बाँब होतील अशा अर्थाचं त्यांचं हिंदी भजन आजही आपल्याकडे आष्टी-चिमूरचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच. सरकारला त्या शब्दांची भीती वाटली हे खरं. पण माझ्या मते खरी धास्ती होती ती ते शब्द किती लवकर पसरतात याची. ओळखीच्या चालीवरचं भजन आज या गावात म्हटलं की उद्या पलीकडच्या गावात पोचतं. पत्रक पकडता येतं, छापखान्याला टाळं लावता येतं. चालीला टाळं कुठे लावणार?

आणि टाळी लागतच होती. चिमूरला स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केलं, १२ जानेवारी १९४३ ला ते सुटलं. त्या उपोषणाची बातमी छापायलाही सरकारने वर्तमानपत्रांना बंदी घातली होती. असा तो काळ. अशा काळात संध्याकाळी देवळासमोर बसून म्हटलेलं भजन म्हणजे काय असेल, याचा विचार करा.

ही भीती सरकारला फार आधीपासून होती. बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेप झाली ती कवितांची एक पुस्तिका छापल्याबद्दल. त्यांच्या धाकट्या भावाचा सिंहगडाचा पोवाडा जप्त झाला. त्याहून मागे गेलात तर अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने आणि सिंहगडावर तुलसीदासाने पोवाडे रचलेच होते. ते आणि तसे इतर पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडून गोळा करून १८९१ साली पुस्तकात आणले ते शंकर तुकाराम शाळिग्राम आणि अ‍ॅकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने. (मुंबईत वडाळ्याला कुष्ठरुग्णालय काढणारा तोच हा अ‍ॅकवर्थ. आपल्या दत्तपूरमुळे वर्धेकरांना हे ऐकून जरा जवळचं वाटेल.) शब्द मिळाले, फार मोठं काम झालं. पण गोंधळी ते कोणत्या लयीत म्हणत, कुठे थांबत, कुठे झीलकरी सूर धरत, ते त्या पुस्तकात नाही. येणारच कुठून?

आणखी एक विचित्र गोष्ट. जप्त झालेली गाणी टिकली! सरकारने उचललेली पुस्तकं, पत्रकं, गाण्यांच्या चोपड्या लंडनला आणि दिल्लीला नीट नोंद करून ठेवली गेली, त्यांची छापील सूचीही झाली आहे. ज्या चोपड्या पोलिसांच्या हाती लागल्या नाहीत त्या आपल्या माळ्यावर वाळवीने खाल्ल्या. काय म्हणावं याला!

पण मुद्दा तो नाही. अमेरिकेच्या त्या पेनीवाल्या कागदावर "अमुक चालीवर" असं लिहिलेलं असतं तेव्हा अभ्यासकाची अडचण सहसा एका पायरीने सुटते, कारण तिथे श्रीमंत घरांत पियानो होते आणि त्यांच्यासाठी सुरावटीची महागडी छापील पानं वेगळी विकली जात. शब्द स्वस्त कागदावर, सूर महाग कागदावर. दोन्ही शोधून जोडले की गाणं उभं राहतं. आपल्याकडे भातखंड्यांनी घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत बांधून ठेवल्या, त्यांचे उपकार. गावच्या भजनाला मात्र पियानोही नव्हता आणि भातखंडेही नव्हते. आपल्या पुस्तकातली "चाल" ही ओळ दुसऱ्या गाण्याकडे बोट दाखवते, ते गाणं तिसऱ्याकडे, आणि तिसरं ज्याला येत होतं तो माणूस गेला की सगळी साखळी गळून पडते.

माझे मोठे मामा आर्वीकडच्या एका खेड्यात असतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्याकडे एक भजनाचं पुस्तक आहे, मुखपृष्ठ नाही, शेवटची पानं नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मी ते मोबाईलवर पानपान टिपत बसले होते. मामा बघत होते. मग म्हणाले, "अवं बाई, फोटो कायचे काढून राह्यली? चाल का पुस्तकात असते? थे त गळ्यात राह्यते." आणि म्हणून दाखवायला लागले. एका भजनावर "चाल" म्हणून ज्या गाण्याचे शब्द होते ते गाणं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण भजन येत होतं! म्हणजे मूळ गाणं कधीच मेलं होतं आणि त्याची चाल मामांच्या गळ्यात, दुसऱ्याच शब्दांच्या आसऱ्याने जिवंत होती. पुस्तकातल्या निम्म्याहून जास्त भजनांचं ते असं सांगू शकले. उरलेल्यांना हात जोडून म्हणाले, "हे आमच्या बुवाले येत होतं."

तुकडोजी महाराजांच्या स्वतःच्या आवाजातली काही भजनं ध्वनिमुद्रित आहेत, ती ऐकायला मिळतात, ते आपलं भाग्य. पण महाराज १९६८ मध्ये गेले. १९६२ ला आणि १९६५ ला युद्धाच्या वेळी ते सीमेवर जाऊन जवानांपुढे गाऊन आले, त्यालाही आता साठ वर्षं झाली. त्यांच्या मागे बसून टाळ धरलेली पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. आणि १५ ऑगस्टला आपल्या चौकात लाऊडस्पीकरवर काय वाजतं? तीच चार सिनेमाची गाणी. सिनेमाच्या गाण्यांवर माझा राग नाही (वर सांगितलंच), पण ज्या जिल्ह्यात गाण्यापायी माणूस तुरुंगात गेला तिथे तरी?

अजून एक बोचतं. त्या ४२९१ कागदांत काळ्या माणसांची गलिच्छ टिंगल करणारीही पुष्कळ गाणी आहेत. ती लपवलेली नाहीत, कारण त्या काळी लोक काय म्हणत होते ते कळायला हवं. आपण मात्र जपतो ते फक्त पूज्य. अण्णा भाऊ साठ्यांनी दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, म्हणून त्याचं नाव तरी राहिलं. पण लढाईवर गेलेल्या नवऱ्याची, रेशनची, काळ्याबाजाराची जी गाणी जात्यावर आणि तमाशात झाली असतील ती कुणी "भजन" नाही म्हणून उतरवलीच नाहीत. त्याही चाली गेल्या. म्हणून आता निवडानिवड नको. म्हातारा माणूस जे म्हणेल ते घ्यावं, चावट असलं तरी.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय. पानाचा फोटो काढला की त्याच फाईलला त्या भजनाचं ध्वनिमुद्रण जोडायचं, म्हणणाऱ्याचं गाव आणि वय लिहायचं, आणि चाल कुणाकडून शिकलात ते विचारायचं. गळा बसलेला असला, खोकला मध्ये आला तरी चालेल, स्टुडिओ नको. खंजिरी असेल तर तिचाही ठेका वेगळा घ्यायचा, कारण शब्द विसरले तरी हात विसरत नाहीत, हे मामांकडे बघून कळलं. तुमच्या आत्या, काका, मावसआजी कुणी भजनाला बसत असतील तर तुम्हीही करा. स्वरलिपी येणाऱ्या आमच्या त्या नातेवाइकांना मी ही मुद्रणं पाठवणार आहे. चोरी म्हणोत, पण उतरवून द्या म्हणावं.

मामांच्या पुस्तकातलं सव्वीस नंबरचं भजन अजून लागत नाही. शेजारच्या गावात नव्वदीच्या एक आजी आहेत, त्यांच्या माहेरी ते म्हणत असं कळलंय. दिवाळीआधीच जाऊन यायला हवं.